न दुखणारे रक्त



अथालहून एका भगिनीचे पत्र आले आहे. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती अर्थातच मान्य आहे. पत्र लहानसे आहे. परंतु त्या मोजक्या ओळींमागे किती रात्रींची जागरणे असतील, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. त्यांचे यजमान साठीच्या उंबरठ्यावर आहेत. तारुण्यात त्यांनी गुजरातेतील एका रंगांच्या कारखान्यात बरीच वर्षे काम केले. पुढे अथालला येऊन सुताच्या कारखान्यात नोकरी धरली. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांना लघवी तांबडी झालेली दिसली. दुखले नाही, जळजळ झाली नाही, ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ववत स्वच्छ! उन्हाचा ताप असेल म्हणून त्यांनी ती गोष्ट सोडून दिली. नाताळच्या आधी पुन्हा तसेच झाले आणि पुन्हा आपोआप थांबले. "आता बरे आहे, कोणाजवळ बोलू नकोस," असे त्यांनी पत्नीला बजावले. भगिनी विचारतात, थांबलेल्या रक्तासाठी दवाखान्यात जावे काय? की देवाने बरे केले असे समजून गप्प राहावे?

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. जावे, आणि ह्याच आठवड्यात जावे. रक्त थांबले म्हणून रोग गेला असे होत नाही. लघवीतील रक्ताला मुतखडा, जंतूंचा दाह, पुरुषांमध्ये उतारवयात वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी अशी कितीतरी साधी कारणे असतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत तपासणीअंती तीच निघतात. परंतु चाळिशी उलटलेल्या माणसाच्या लघवीत वेदनेवाचून रक्त आले, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टराने स्वस्थ बसू नये आणि कोणत्याही रोग्याने त्याला बसू देऊ नये. ह्या रोगाची बहुधा सर्वांत पहिली, आणि कित्येकदा एकच, खूण म्हणजे हे न दुखणारे रक्त होय.

असे का, हे समजण्यासाठी शरीरातील मूत्रमार्गाची रचना थोडी पाहू. कमरेच्या वरच्या भागात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळून लघवी तयार करतात. ती लघवी मूत्रपिंडाच्या आतील नरसाळ्यासारख्या पोकळीत जमते, तेथून सुमारे दहा इंच लांबीच्या मूत्रवाहिनीने खाली उतरते आणि ओटीपोटातील मूत्राशय नावाच्या पिशवीत साठते. ह्या नरसाळ्यापासून थेट मूत्राशयापर्यंत आतून एकच अस्तर पसरलेले आहे. त्याच्या पेशी एकावर एक अशा अनेक थरांत रचलेल्या असतात. पिशवी रिकामी असता त्या गोलसर व फुगीर दिसतात, भरली की ताणून चपट्या होतात. सर्वांत वरच्या पेशी छत्रीसारख्या खालच्या पेशींवर पसरून लघवीतील विखार आत झिरपू देत नाहीत. परमेश्वराने मानवी देहात किती काळजीपूर्वक कारागिरी केली आहे, हे ह्या एका अस्तरावरूनही कळावे.

परंतु जे अस्तर आयुष्यभर शरीराचे सांडपाणी झेलते, त्यालाच त्या पाण्यातील विषाचा पहिला उपद्रव होतो. मूत्रवाहिनीतून लघवी झरझर उतरून जाते. मूत्राशयात मात्र ती तासन् तास थांबते. म्हणूनच ह्या अस्तराचे बहुतेक कर्करोग मूत्राशयात होतात आणि वरच्या नरसाळ्यात व वाहिन्यांत त्यांचे प्रमाण शेकडा पाच ते दहा एवढेच असते. तरीही विषारी लघवीने सारेच अस्तर भिजलेले असल्यामुळे एका ठिकाणची गाठ काढली तरी काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी नवी उगवू शकते. हा रोग पुनःपुन्हा डोके वर काढतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता रक्त का येते व का थांबते, ते पाहू. ह्या गाठींपैकी पुष्कळशा अस्तरातून पोकळीकडे वाढतात. दुर्बिणीतून पाहिल्यास त्या पाण्याखालच्या शेवाळाच्या झुबक्यासारख्या, नाजूक बोटांसारख्या झुलताना दिसतात. प्रत्येक बोटाच्या मध्यातून बारीक रक्तवाहिनी गेलेली असते. ताणाने किंवा घर्षणाने एखादे बोट तुटले की रक्त येते. वाहिनीचे तोंड गोठून मिटले की थांबते. कोठेही अडथळा किंवा दाह झालेला नसला, तर दुखण्याचे कारणच नसते. अर्थात थांबलेले रक्त हे बरे झाल्याचे चिन्ह नसून केवळ एका क्षुद्र वाहिनीचे तोंड मिटल्याचे चिन्ह आहे. झुबका जेथल्या तेथे असतो आणि वाढत असतो.

ह्यापुढचा प्रश्न आहे तो खोलीचा. आपल्याकडच्या कारवीच्या कुडाच्या घराचे उदाहरण घ्या. आतून शेणाचे सारवण, त्याखाली मातीचे लिंपण, त्यामागे कारवीचा कूड. मूत्राशयाची भिंतही अशीच आहे: आतून अस्तर, त्याखाली मऊ जोडणारा थर, त्यामागे जाड स्नायू आणि बाहेरून चरबी. रोग सारवणात किंवा लिंपणापर्यंत असेतो तो आतूनच खरवडून काढता येतो आणि मूत्राशय वाचतो. तो कुडात, म्हणजे स्नायूत शिरला की वाळवी घराच्या आधाराला लागल्याप्रमाणे सारा प्रसंग पालटतो. तेथून तो रसवाहिन्यांच्या व रक्ताच्या वाटेने दूर जाऊ शकतो. सुदैवाची गोष्ट अशी की प्रथम ओळख होते तेव्हा दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघांचा रोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. पहिल्या रक्ताला मान देणारा आणि वर्षभर गप्प राहणारा, ह्या दोघांत अंतर पडते ते येथे.

रोग कितपत खोल गेला आहे, हे ठरवतो तो विकृतिशास्त्रज्ञ. रोगी त्याला कधी पाहत नाही; तरी त्याच्या कागदावर रोग्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. दुर्बिणीतून काढलेला तुकडा त्याच्याकडे येतो. तो मेणात बसवून कागदाहून पातळ काप काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत म्हणून ते रंगवतात. पेशींचे केंद्रक निळे करणारा रंग एका झाडाच्या लाकडातून मिळतो. बाकीचा भाग गुलाबी करणारा इओसिन मात्र डांबरापासून निघालेल्या कृत्रिम रंगांच्या कुळातला आहे. ज्या रंगधंद्यातील काही द्रव्यांनी हा रोग दिला, त्याच धंद्याने तो ओळखण्याचे साधनही दिले! आपल्या देशात कर्करोगाच्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मूळचे गोमंतकीय घराण्यातले. मुंबईस परळ येथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्याच हाती सोपवण्यात आली.

विकृतिशास्त्रज्ञ मुख्यतः दोन गोष्टी सांगतो. पहिली, पेशींचा स्वभाव. मूळच्या पेशींशी साम्य राखून शिस्तीने रचलेल्या असतील तर रोग सौम्य प्रतीचा. केंद्रके मोठी, वेडीवाकडी, रचना विस्कटलेली असेल तर उग्र प्रतीचा. दुसरी गोष्ट म्हणजे खोली. तुकड्यात स्नायूचा अंश आला आहे की नाही, हे त्या अहवालात लिहिलेले असले पाहिजे; कारण कूडच पाहिला नाही तर वाळवी तेथे नाही, असे कसे म्हणावे? अहवाल हाती आला की "स्नायू पाहिला काय?" एवढा एक प्रश्न रोग्याच्या नातलगाने डॉक्टरांना अवश्य विचारावा. उग्र रोगाचा तुकडा स्नायूवाचून आला असेल, तर बहुधा पुन्हा दुर्बीण घालून नवा तुकडा घ्यावा लागतो. आणखी एक प्रकार फसवा आहे. त्यात झुबका नसतोच. अस्तराचा एखादा भाग केवळ मखमलीसारखा तांबूस दिसतो. वरून निरुपद्रवी भासणाऱ्या ह्या डागातील पेशी अति उग्र असतात. तेथे लघवीतून गळून पडलेल्या पेशींची तपासणी उपयोगी पडते. पापानिकोलाऊ व मार्शल ह्या अमेरिकेतील दोघा डॉक्टरांनी १९४५ मध्ये ती रीत प्रसिद्ध केली. सौम्य गाठी मात्र तीत पुष्कळदा निसटतात. म्हणून लघवीची तपासणी निर्दोष आली तरी दुर्बीण टाळू नये.

आता कारणांकडे वळू, कारण आमच्या भगिनींच्या पत्रातील "रंगांचा कारखाना" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन नावाचे शल्यवैद्य होते. १८९५ मध्ये त्यांनी सांगितले की फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाची गाठ झालेली त्यांनी पाहिली. इतका विरळ रोग एकाच धंद्यातील तिघांना व्हावा, हा योगायोग नव्हता. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत ह्यूपर ह्यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रंगधंद्यातील द्रव्य कुत्र्यांना देऊन त्यांच्या मूत्राशयात तशाच गाठी उत्पन्न झाल्याचे दाखवले. १९५४ मध्ये इंग्लंडात केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगकामगारांच्या मृत्यूंची मोजदाद करून बेन्झिडीन व नॅफ्थिलअमाइन ह्यांच्यावरचा आरोप पक्का केला. अपराधी तयार रंगीत कापड नव्हे, तर रंग बनवताना हाताळली जाणारी ही मधली द्रव्ये होत.

हे परदेशातच घडले असे कोणी समजू नये. अहमदाबादपासून वापीपर्यंत रंगद्रव्यांचे कारखाने पसरलेले आहेत, आणि वापी अथालपासून किती दूर आहे? गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अमेरिकन संशोधकांच्या साहाय्याने तेथील बेन्झिडीन हाताळणाऱ्या कामगारांची लघवी तपासली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की कामगारांच्या मूत्राशयातून गळून आलेल्या पेशींच्या जनुकद्रव्याला बेन्झिडीनपासून बनलेले पदार्थ प्रत्यक्ष चिकटलेले होते. धूळ नाकावाटे आणि कातडीवाटे शरीरात जाते, यकृत तिचे रूप पालटते, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकते आणि लघवीत ती अस्तराच्या पेशीला जाऊन बिलगते. अशी ही वाट आहे. बेन्झिडीनपासून बनणारे रंग पुढे आपल्या देशात बंदीखाली आले. परंतु त्याआधी ज्यांनी ते हाताळले त्यांच्या शरीरात घडायचे ते घडून गेले.

कारण हा रोग फार सावकाश पिकतो. विषाचा संपर्क आणि गाठ ह्यांत पुष्कळदा वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लोटतो. माणूस नोकरी सोडतो, गाव बदलतो, मुलांची लग्ने होतात. देहातील हिशेब मात्र चालूच असतो. म्हणून डॉक्टरांनी "काय काम करता?" असे विचारले असता "सुताच्या कारखान्यात" एवढेच उत्तर अपुरे आहे. "पूर्वी काय करीत होतो" हेही सांगितले पाहिजे.

तरीही सर्वांत मोठा अपराधी कारखान्यात नसून खिशात आहे. विडी व सिगारेटच्या धुरात हीच रंगकुळातील विषारी द्रव्ये असतात, आणि जगातील मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांचे मूळ धूम्रपानात आहे. धूर फुप्फुसात जातो हे सर्वांना दिसते. तो लघवीत उतरतो हे कोणाला ठाऊक? ज्याने रंगधंद्यात काम केले आणि जो विडीही ओढतो, त्याचा धोका दुणावतो. विडी सोडल्याने धोका हळूहळू उतरत जातो. एका दिवसात नाही, पण उतरतो खचित.

दोन लहान कारणे आपल्या मुलखाशी निगडित आहेत म्हणून नमूद करतो. आपल्या रानात ईश्वरी नावाची एक वेल आहे. तिच्या कुळातील वनस्पतींत अॅरिस्टोलोकिक नावाचे अम्ल असते. १९९३ मध्ये बेल्जियममधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की कृश होण्यासाठी अशा वनस्पतीची औषधे घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे त्यांच्यापैकी कित्येकींना वरच्या मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. जडीबुटी म्हणजे निरुपद्रवी, हा समज त्यागावा. दुसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावाचे. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ व डॉ. शहा ह्यांनी तेथील लोकांच्या लघवीतील रक्ताचे कारण म्हणून गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या द्वारे पसरणाऱ्या एका कृमीची नोंद केली. ईजिप्तमध्ये त्याच जातीच्या कृमीने मूत्राशयात वर्षानुवर्षे दाह राहून निराळ्या प्रकारचा कर्करोग होतो, हे फर्ग्युसन ह्यांनी १९११ मध्येच दाखवले होते. जुना मुतखडा किंवा वर्षानुवर्षे ठेवलेली नळी ह्यांनीही तसेच होऊ शकते.

स्त्रियांविषयी एक शब्द. हा रोग पुरुषांना तिपटी-चौपटीने अधिक होतो. म्हणूनच तो स्त्रीला झाला तर ओळखण्यास उशीर होतो. "जंतू झाले असतील" किंवा "पाळीचे असेल" असे म्हणून औषधावर औषध दिले जाते. औषधानेही रक्त पुन्हा येत असेल, तर मातांनी व भगिनींनी दुर्बिणीच्या तपासणीचा आग्रह धरावा.

उपचाराची भीती अनेकांना घरी बसवते. वास्तविक ती भीती बरीचशी अज्ञानातून येते. रोग वरवरचा असता पोट न फाडता, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. उग्र असेल तर पुढे बी.सी.जी. देतात. होय, आपल्या तान्ह्या बाळांना क्षयाविरुद्ध टोचतात तीच लस! काल्मेत व गेराँ ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांची ही लस १९२१ मध्ये प्रथम माणसाला दिली गेली. पुढे १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. मोरालेस ह्यांनी ती मूत्राशयात सोडून कर्करोगावर गुण येतो असे दाखवले. आठवड्यास एकदा असे सहा आठवडे ती नळीने आत सोडतात; ती शरीराची स्वतःची संरक्षक सेना जागी करते आणि ती सेना रोगट पेशींवर तुटून पडते. रोग स्नायूत शिरला असेल तर पुष्कळदा मूत्राशय काढावा लागतो, किंवा औषधे व किरणे ह्यांचा आधार घ्यावा लागतो. मूत्राशय काढल्यावर आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात. पोटावर पिशवी लावून माणसे शेती करतात, मिस्सेला येतात, नातवंडे खेळवतात. मात्र गाठ निघाली म्हणून विसरून चालत नाही. पहिली फेरतपासणी बहुधा तीन महिन्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी वर्षानुवर्षे करावीच लागते.

तेव्हा भगिनी, तुमच्या यजमानांना सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात घेऊन जा. तेथून गरज पडल्यास परळचे टाटा मेमोरियल किंवा अहमदाबादचे गुजरात कर्करोग संशोधन रुग्णालय ह्यांची वाट डॉक्टर दाखवतील. जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: रक्त कोणत्या महिन्यात, किती वेळा आले, पूर्वी कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, आणि विडी किती वर्षे ओढली. डॉक्टरांसमोर ते बोलण्यास संकोचतील, तेव्हा तो कागद त्यांच्या वतीने बोलेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: देवाने बरे केले असे समजून गप्प राहावे काय? संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातली ती स्त्री आठवा. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. लोकलज्जेने ती गर्दीतून लपत आली आणि मागून प्रभूच्या वस्त्राला शिवली. रक्त तेथेच थांबले. परंतु प्रभू येशूने तिला तशीच गुपचूप जाऊ दिले काय? नाही, त्याने थांबून तिचा शोध घेतला. ती कापत पुढे आली, त्याच्या पायांशी पडली आणि तिने सारे काही खरे सांगितले. त्यानंतरच त्याने तिला कन्या म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठवले. ज्या देहाची लाज तिला जगासमोर वाटत होती, त्या देहाची प्रभूला लाज वाटली नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायातही आजाऱ्याला आधी प्रार्थना करण्यास आणि मग वैद्याला जागा देण्यास सांगितले आहे. कारण वैद्यही परमेश्वरानेच निर्माण केला आहे. तेव्हा डॉक्टराकडे जाणे हा अविश्वास नव्हे. जे देहाने सांगितले ते लपवणे, हे मात्र श्रद्धेचे लक्षण खचित नव्हे.

तुमच्या यजमानांना हे पान वाचायला द्या. तेही वाचायला लाजत असतील, तर रात्री जपमाळ झाल्यावर तुम्हीच वाचून दाखवा. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करीत आहोत. तपासणीचा निकाल काहीही येवो, तो लवकर यावा, हीच त्या प्रार्थनेतील पहिली मागणी आहे.